सही कोणाची?

आजच्या भाषणात आम्ही तुम्हाला कॅनडाची गोष्ट सांगणार आहोत. ओळखीपाळखीतल्या कुणाची तरी मुलं तिकडे शिकायला गेलेली असतात, तिथे गुडघाभर बर्फ पडतो, एवढं आपल्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक असतं. आज त्याबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं आहे ते सहीबद्दल.

एक देश आहे. त्याचं सरकार आहे, निवडणुका होतात, पंतप्रधान आहे, पोलीस आहेत, रेल्वे आहे. पण बाहेरच्या देशाशी करार करायची वेळ आली, की कागदावर सही दुसऱ्याच देशाचा माणूस करतो. कॅनडाचं कितीतरी वर्षं असंच चाललं होतं. आपल्याकडे काही गावांत सरपंच बाई असतात, त्या खुर्चीवर बसतातही, पण कागद आला की पेन यजमानांच्या हातात जातं. तुम्ही हे पाहिलेलं आहे. तेवढं चित्र डोळ्यांसमोर ठेवा, पुढचं आपोआप समजेल.

कॅनडा हा देश झाला १८६७ साली, आणि तो झाला लंडनच्या पार्लमेंटने केलेल्या एका कायद्याने. ब्रिटिश नॉर्थ अमेरिका ॲक्ट असं त्याचं नाव. घरातला कारभार कॅनडाकडे आला आणि बाहेरचा व्यवहार लंडनकडे राहिला. त्यामुळे ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारलं, त्याच क्षणी कॅनडाही युद्धात उतरला. त्याला कुणी विचारलं नाही, विचारायची पद्धतच नव्हती. त्या युद्धात कॅनडाची साठ हजारांहून जास्त माणसं गेली, आणि तेव्हा सगळ्या देशाची लोकसंख्या एक कोटीसुद्धा नव्हती.

एवढी माणसं गमावल्यावर कॅनडाचे पंतप्रधान रॉबर्ट बोर्डन यांनी हट्ट धरला, की तहावर आमचीही सही हवी. १९१९ च्या व्हर्सायच्या तहावर कॅनडाच्या दोन मंत्र्यांनी सही केली. पण ती ब्रिटिश साम्राज्याच्या मथळ्याखाली, पोटात घेतल्यासारखी. त्याच मथळ्याखाली हिंदुस्थानच्या नावानेही दोन सह्या आहेत. एक बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांची आणि दुसरी एडविन मॉन्टेग्यू यांची. हे मॉन्टेग्यू म्हणजे लंडनच्या सरकारातले भारतमंत्री! कागदावर आपल्या देशाचं नाव आलं हे खरं, पण सही करणाऱ्याला तिथे कोणी बसवलं होतं, तेही लक्षात ठेवायला हवं.

पुढे १९२२ च्या सप्टेंबरात तुर्कस्तानात चनाक नावाच्या ठिकाणी पुन्हा लढाईची वेळ आली. लंडनहून तार निघाली, की सैन्य पाठवता का. गंमत अशी, की ती तार उलगडून पंतप्रधानांच्या हाती पडण्याआधीच बातमी वर्तमानपत्रांकडे पोहोचली होती, आणि पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांना ती एका बातमीदाराच्या प्रश्नातून कळली. म्हणजे घरच्या माणसाला शेजाऱ्याकडून कळावं तसं. किंग हा मोठा सावध माणूस. त्यांनी ना हो म्हटलं ना नाही. आमची पार्लमेंट ठरवेल, असं कळवलं, आणि पार्लमेंटचं अधिवेशन तर त्या वेळी चालूच नव्हतं! चनाकची लढाई झाली नाही, पण लंडनला जे समजायचं ते समजलं.

आता येते माशाची गोष्ट. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात गोड भाग आहे.

पॅसिफिक महासागराच्या उत्तरेला हॅलिबट नावाचा मासा मिळतो. आपल्याकडे किनाऱ्यावर लेप मिळतो ना, चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाला असलेला, त्याच्याच कुळातला. फक्त हा वाढला की माणसापेक्षा जड होतो. कॅनडाचे आणि अमेरिकेचे कोळी बारा महिने तो पकडत राहिले आणि मासा कमी होत चालला. दोन्ही देशांनी ठरवलं, की थंडीत काही महिने ही मासेमारी बंद ठेवायची. १६ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्याच्या मागचा विचार हाच, की माशाला वाढायला सवड मिळावी.

करार तयार झाला. मासा कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या समुद्रातला, जाळी त्यांची, पोटं त्यांची. ब्रिटनचा एकही माणूस तिथे मासे धरायला जात नव्हता. तरी वॉशिंग्टनमधल्या ब्रिटिश राजदूतांची अपेक्षा होती, की नेहमीच्या रिवाजाप्रमाणे आपणही सही करायची. किंग म्हणाले, गरज नाही. आमचे मत्स्यखात्याचे मंत्री अर्नेस्ट लापॉइंट एकटे सही करतील. लंडनला हे रुचलं नाही. पत्रं गेली, तारा गेल्या. तेव्हा किंग यांनी सुचवून ठेवलं, की असंच असेल तर आम्ही वॉशिंग्टनमध्ये आमचा स्वतंत्र प्रतिनिधी ठेवू. ही धमकी मोठी होती, कारण एकदा वेगळी चूल मांडली की ती पुन्हा एक करता येत नाही. लंडनने माघार घेतली. २ मार्च १९२३ रोजी लापॉइंट यांनी एकट्याने सही केली. कॅनडाने दुसऱ्या देशाशी केलेला, फक्त कॅनडाच्या माणसाची सही असलेला हा पहिला करार.

पुढेसुद्धा अमेरिकेच्या सिनेटला ही गोष्ट पचली नव्हती. त्यांनी करारात अशी अट घालून पाहिली, की ब्रिटनच्या इतर भागांतल्या लोकांनाही हे बंधन लागू राहील. कॅनडा हा वेगळा देश आहे हे शेजाऱ्याच्याही गळी उतरायला वेळ लागला. अखेर ती अट बाजूला पडली.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आम्हाला का आवडते सांगू? किंग यांनी पहिली सही मागितली ती युद्धासाठी नाही, राजा बदलण्यासाठी नाही. त्यांनी माशासारखा साधा विषय निवडला. माशासाठी साम्राज्याने भांडण ओढवून घेतलं असतं, तर लोक हसले असते. पण एकदा माशाच्या कागदावर एकट्याची सही चालली, की पुढच्या कागदावर कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? बचतगटाच्या पासबुकावर पहिल्यांदा सही केलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. १९२७ मध्ये व्हिन्सेंट मॅसी हे वॉशिंग्टनमध्ये कॅनडाचे पहिले प्रतिनिधी म्हणून रुजू झाले. म्हणजे ती धमकीही खरी झाली. १९३१ मध्ये वेस्टमिन्स्टरचा कायदा झाला आणि कॅनडाने मागितल्याशिवाय लंडनचा नवा कायदा तिथे लागू होणार नाही असं ठरलं. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरलं, तेव्हा कॅनडाने आधी आपली पार्लमेंट बोलावली, चर्चा केली आणि एका आठवड्याने, १० सप्टेंबरला युद्ध पुकारलं. जायचं होतंच, पण आपल्या पायांनी. आपल्याकडे त्याच ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात आहे असं जाहीर करून टाकलं होतं. त्याचा निषेध म्हणून प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यांत मुंबई प्रांताचं बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळही होतं. तो एक आठवडा किती मोलाचा होता, हे यावरून कळतं.

आता तुम्ही विचाराल, यात बायका कुठे आहेत? आम्हीही हेच शोधत होतो. कारण देशाची सही देशाला मिळाली, तरी देशातल्या बाईला ती मिळाली असं होत नाही. कॅनडात तर उलटाच प्रकार घडला.

एडमंटन शहरात एमिली मर्फी नावाच्या बाई १९१६ मध्ये दंडाधिकारी झाल्या. सगळ्या ब्रिटिश साम्राज्यात या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्यासमोर एक वकील उभा राहिला आणि म्हणाला, की तुमचा निकाल आम्ही मानत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तुम्ही ‘व्यक्ती’च नाही! जुन्या इंग्रजी कायद्याचा अर्थ असा लावला जात असे, की शिक्षा भोगायची वेळ आली तर बाई व्यक्ती, आणि हक्क मागायची वेळ आली तर नाही. आमच्या गटात हे वाचून दाखवलं तेव्हा आधी सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या.

कॅनडाच्या सिनेटमध्ये, म्हणजे त्यांच्या वरच्या सभागृहात, योग्य ‘व्यक्तींची’ नेमणूक करावी असं १८६७ च्या कायद्यात लिहिलेलं होतं. या शब्दात बाई येते की नाही? पाच जणींनी मिळून अर्ज केला तर हा प्रश्न न्यायालयाकडे पाठवता येत होता. मर्फीबाईंनी आणखी चौघींना घरी चहाला बोलावलं. नेली मॅक्लंग, लुईस मॅकिनी, आयरीन पार्लबी आणि हेन्रिएटा म्यूर एडवर्ड्स. पाचही जणी आल्बर्टा प्रांतातल्या, शेतकरी बायकांच्या संघटनांत, दारूबंदीच्या चळवळीत, मताच्या हक्कासाठी राबलेल्या. ऑगस्ट १९२७ मध्ये अर्ज गेला. २४ एप्रिल १९२८ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. १८६७ साली कायदा करणाऱ्यांच्या मनात बायका नव्हत्या, म्हणून आजही त्या शब्दात बायका येत नाहीत.

मग या पाच जणी कुठे गेल्या? लंडनला! म्हणजे अपील तिकडे गेलं, प्रिव्ही कौन्सिलकडे. साम्राज्यातल्या सगळ्या देशांसाठी शेवटचा शब्द याच कौन्सिलचा. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे नाव माहीत असतं. पुण्याच्या ताईमहाराज प्रकरणातला दत्तकाचा वाद इथपर्यंत पोहोचला होता आणि १९१५ मध्ये निकाल टिळकांच्या बाजूने लागला होता. १८ ऑक्टोबर १९२९ रोजी लॉर्ड सँकी यांनी कॅनडाच्या बायकांचा निकाल वाचला. बाई व्यक्ती आहे, आणि तिला सार्वजनिक पदांपासून दूर ठेवणं ही रानटी काळाची राहिलेली खूण आहे, असं त्यांनी सांगितलं. देशाची घटना ही जिवंत झाडासारखी असते, ती आपल्या हद्दीत वाढत जाते, हा विचारही त्याच निकालातला.

म्हणजे बघा, एकीकडे ओटावाचं सरकार लंडनच्या हातातून आपलं पेन सोडवून घेत होतं, आणि त्याच वर्षांत कॅनडाच्या बायकांना आपल्याच न्यायालयाविरुद्ध लंडनचा दरवाजा ठोठवावा लागला. सासरी कुणी ऐकेना म्हणून थोरल्या जावेकडे जावं, तसं. आणि त्या थोरलीच्या घरी तरी काय होतं? लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बायकांना बसायला १९५८ साल उजाडावं लागलं. दुसऱ्याच्या घरातल्या सुनेला न्याय देणं सोपं, आपल्या घरातलीला देणं अवघड, हे सगळीकडे सारखंच दिसतं.

मर्फीबाईंना स्वतःला सिनेटची जागा मिळाली नाहीच. फेब्रुवारी १९३० मध्ये केरीन विल्सन पहिल्या महिला सिनेटर झाल्या आणि मर्फीबाई १९३३ मध्ये वारल्या. त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्यांना समाज वेडं किंवा मंदबुद्धी ठरवेल, त्यांची जबरदस्तीने नसबंदी करावी, या मताच्या त्या होत्या. चिनी लोकांबद्दल त्यांनी वाईट लिहून ठेवलं आहे. त्यांचा पुतळा पाहताना हेही आठवावं असं आम्हाला वाटतं. स्वतःसाठी दार उघडणारा प्रत्येक जण मागच्यासाठी ते धरून ठेवतोच असं नाही.

त्याच १९२९ साली ॲग्नेस मॅकफेल यांनीही आम्हाला आवडणारी एक गोष्ट केली. कॅनडाच्या पहिल्या महिला खासदार त्या, १९२१ च्या निवडणुकीत निवडून आलेल्या. त्यांना जिनिव्हाला राष्ट्रसंघाच्या सभेत देशाच्या वतीने पाठवलं. तिथे बायकांना ठरलेली समिती मिळायची, मुलाबाळांच्या आणि समाजकल्याणाच्या प्रश्नांची. मॅकफेलबाई म्हणाल्या, मला शस्त्रं कमी करण्याच्या समितीत बसायचं आहे. आणि त्या बसल्या. ग्रामसभेत पाण्याचा विषय बायकांकडे आणि निधीचा विषय पुरुषांकडे, अशी वाटणी होते तेव्हा हे नाव आठवा.

१९४९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी अपिलं कॅनडाने पूर्ण बंद केली. योगायोग म्हणजे भारतानेही त्याच वर्षी तो रस्ता बंद केला.

आणि मग १९५६ साली जगाने कॅनडाचा आवाज खऱ्या अर्थाने ऐकला. इजिप्तच्या नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं होतं. ब्रिटन आणि फ्रान्सने इस्रायलशी संगनमत करून इजिप्तवर हल्ला केला. ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांना वाटलं होतं, की कॅनडा पाठीशी उभा राहील. कॅनडाने तसं केलं नाही. त्यांचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन न्यूयॉर्कला गेले आणि संयुक्त राष्ट्रांपुढे त्यांनी एक नवी कल्पना मांडली. भांडणाऱ्यांच्या मध्ये उभं राहायला कोणत्याच एका देशाचं नसलेलं, निळ्या खुणेचं सैन्य पाठवावं. ४ नोव्हेंबरला ५७ मतं पडली, विरोधात एकही नाही. त्या सैन्यात भारताचे जवानही गेले. ब्रिटनला उघडं न पाडता बाहेर पडायची वाट मिळाली. पुढच्या वर्षी पिअर्सन यांना शांततेचं नोबेल मिळालं.

पण गंमत पुढेच आहे. कॅनडाने जी पलटण पाठवायची ठरवली तिचं नाव होतं ‘क्वीन्स ओन रायफल्स’, राणीची स्वतःची पलटण. गणवेश ब्रिटिशांसारखा, आणि देशाच्या झेंड्याच्या कोपऱ्यात ब्रिटनचा झेंडा. इजिप्तने विचारलं, ज्यांनी बॉम्ब टाकले त्यांच्यात आणि यांच्यात आमच्या माणसांना फरक कसा कळावा? प्रश्न रास्त होता. ती पलटण हॅलिफॅक्स बंदरात थांबली ती थांबलीच. तिच्याऐवजी रसद, दळणवळण सांभाळणारी माणसं गेली. सही स्वतःची झाली होती, पण कपडे अजून थोरल्याचेच होते. पुढे पिअर्सन स्वतः पंतप्रधान झाले आणि १५ फेब्रुवारी १९६५ रोजी मेपलच्या लाल पानाचा झेंडा लागला. त्यावरून देशात केवढं रण माजलं होतं!

एवढं होऊनही एक कागद लंडनमध्येच राहिला होता, तो म्हणजे १८६७ चा मूळ कायदा. तो बदलायचा तर लंडनच्या पार्लमेंटलाच सांगावं लागे, कारण बदल कसा करायचा यावर कॅनडाच्या प्रांतांचं आपसात एकमत होईना. हा दोष लंडनचा नाही, हेही सांगून टाकतो. १९८० नंतर पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी तो कागद घरी आणायचं मनावर घेतलं, आणि त्याला हक्कांची सनद जोडायचं ठरवलं.

सनदेत बायकांचे हक्क कसे लिहिले जातात, याकडे बायकांचं लक्ष होतं. त्यावर बोलायला ठरलेली सरकारी मंडळाची परिषद रद्द झाली. मंडळाच्या अध्यक्षा डोरिस अँडरसन यांनी राजीनामा दिला. मग बायकांनी आपणच परिषद बोलावली. १४ फेब्रुवारी १९८१ रोजी ओटावात, पार्लमेंटच्याच इमारतीत, सुमारे १३०० जणी जमल्या. भर थंडीत, स्वतःच्या खर्चाने. त्यातून सनदेत २८ वं कलम आलं. सगळे हक्क स्त्री-पुरुषांना सारखेच लागू, असं ते कलम.

नोव्हेंबरात पंतप्रधान आणि प्रांतांचे मुख्यमंत्री वाटाघाटीला बसले. तडजोड निघाली ती रात्री, परिषदगृहाच्या स्वयंपाकघरात, तीन मंत्र्यांच्या बोलण्यातून. आजही तिला स्वयंपाकघरातला करार म्हणतात. स्वयंपाकघर होतं, पण बाई एकही नव्हती! आणि त्या तडजोडीत काय झालं? आदिवासींच्या हक्कांचं कलम गळलं आणि बायकांच्या २८ व्या कलमावर सरकारांना मात करता येईल अशी पळवाट आली. क्युबेक प्रांताला तर न विचारताच वगळलं गेलं, तो सल आजही आहे. बायकांनी तारा, पत्रं, टेलिफोन यांचा पाऊस पाडला. एकेका मुख्यमंत्र्याला गाठलं. काही आठवड्यांतच २८ वं कलम जसं होतं तसं परत आलं. आदिवासींचं कलमही परत आलं, पण थोडं कमी होऊन.

१७ एप्रिल १९८२ रोजी राणी एलिझाबेथ ओटावाला आल्या आणि उघड्यावर मांडलेल्या टेबलाशी बसून त्यांनी शेवटची सही केली. पावसाचे थेंब पडले आणि त्या कागदावरची शाई थोडी पसरली. ते डाग अजून दिसतात.

याच काळात सँड्रा लव्हलेस नावाची न्यू ब्रन्सविकमधल्या मालिसीट जमातीची एक बाई वेगळ्याच दारात उभी होती. जमातीबाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं म्हणून कॅनडाच्या कायद्याने तिची आदिवासी म्हणून नोंद काढून टाकली. घटस्फोटानंतर मुलाला घेऊन ती माहेरच्या वस्तीत परतली, तर तिथे तिला घराचा हक्क नव्हता. जमातीतल्या पुरुषाने बाहेरची बायको केली तर मात्र त्याचं काहीच जात नव्हतं, उलट त्या बायकोला नोंद मिळे. आता लंडनला जाण्यात अर्थ नव्हता. ती संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेली. जगाला शांततेच्या गोष्टी सांगणारा देश, आणि त्याच्याविरुद्ध त्याचीच एक लेक. जुलै १९८१ मध्ये समितीने कॅनडाला दोष दिला. १९८५ मध्ये कायदा बदलला आणि हजारो बायकांची नोंद परत झाली. नातवंडांच्या बाबतीतला भेद मिटायला त्यापुढेही बरीच वर्षं गेली.

२००५ मध्ये सँड्रा लव्हलेस निकोलस यांची नेमणूक सिनेटवर झाली. ज्या सिनेटसाठी त्या पाच जणी भांडल्या होत्या, त्याच सिनेटवर.

आजचं भाषण इथे थांबवतो.